विस्तारी वृक्ष : संगणक जालातील वलयनिवारण व मार्गनिवड

संगणकांच्या स्थानिक जालातील स्विच एकमेकांना एकापेक्षा अधिक मार्गांनी जोडलेले असताना त्यांपैकी कोणते मार्ग चालू ठेवावयाचे व कोणते राखीव ठेवावयाचे, हे स्विचांनी आपापसांत संदेशांची देवघेव करून ठरविण्याच्या पद्धतीस विस्तारी वृक्ष पद्धती म्हणतात. ज्या रचनेत सर्व बिंदू परस्परांशी जोडलेले असतात, परंतु कोणत्याही दोन बिंदूंमध्ये एकच मार्ग असतो, म्हणजेच जिच्यात वलय नसते, अशा रचनेला आलेख सिद्धांतात वृक्ष अशी संज्ञा आहे. मूळ जालातील एकही बिंदू न वगळता त्यातून निवडलेला वृक्ष तो विस्तारी वृक्ष होय. ही पद्धती अमेरिकन संगणकतज्ज्ञ रेडिया पर्लमन (१८ डिसेंबर १९५१– ) यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केली. तथापि तिच्यामागील गणित एकोणिसाव्या शतकातील असून तिच्या जडणघडणीत मुंबईच्या पवई येथील भारतीय प्रौद्योगिकी संस्थेच्या दोन पदवीधरांच्या कार्याचाही संबंध येतो. [→ आलेख सिद्धांत].

समस्येचे स्वरूप : जालात राखीव मार्ग असणे इष्ट असते, कारण एक तार तुटली तरी दुसरीने काम चालू राहते. परंतु राखीव मार्ग जोडला की वलय निर्माण होते आणि वलय स्विचांच्या जालास घातक ठरते. याचे कारण स्विचच्या साध्या कार्यपद्धतीत आहे. स्विचकडे माहितीचा जो बांधीव तुकडा येतो त्यास फ्रेम म्हणतात. फ्रेमवरील प्रेषकाचा पत्ता पाहून तो प्रेषक कोणत्या पोर्टच्या दिशेस आहे याची नोंद स्विच आपल्या कोष्टकात करतो. ज्याच्यासाठी फ्रेम आहे त्याचा पत्ता कोष्टकात असेल, तर ती त्याच पोर्टमधून बाहेर जाते. नसेल, किंवा फ्रेम सर्वांना उद्देशून असेल, तर ज्या पोर्टमधून ती आली ते सोडून उरलेल्या सर्व पोर्टमधून तिच्या प्रती पाठविल्या जातात.

एखादे परिपत्रक बीड, माजलगाव व अंबाजोगाई येथील तीन कार्यालयांत फिरवावयाचे आहे आणि प्रत्येक कार्यालयाने हाती आलेले परिपत्रक, ज्याच्याकडून ते आले त्याला सोडून, उरलेल्या कार्यालयाकडे पाठवावे असा नियम आहे असे समजू. बीडहून दोन प्रती निघतील. माजलगावची प्रत अंबाजोगाईस व अंबाजोगाईची माजलगावास जाईल. तेथून त्या बीडला परत येतील आणि नियमाप्रमाणे बीडचे कार्यालय त्या पुन्हा पुढे पाठवील. परिपत्रक आपण पूर्वी पाहिले आहे हे ओळखण्याची सोय नसेल, तर दोन प्रती दोन दिशांनी अखंड फिरत राहतील. कार्यालये चार असतील व त्यांतील प्रत्येक उरलेल्या तिघांशी थेट जोडलेले असेल, तर स्थिती अधिक बिकट होते. येथे आलेली प्रत्येक प्रत पुढे दोन ठिकाणी जाते. आरंभीच्या ३ प्रतींच्या पुढील टप्प्यात ६, नंतर १२ आणि दहा टप्प्यांनंतर ३,०७२ प्रती होतात. कारकून थकतो, स्विच थकत नाही. त्यामुळे काही क्षणांत तारांची सर्व क्षमता या निरर्थक प्रतींनी व्यापली जाते. या अवस्थेस प्रक्षेपण वादळ असे म्हणतात. शिवाय एकाच प्रेषकाच्या फ्रेम कधी या पोर्टमधून तर कधी त्या पोर्टमधून येऊ लागल्याने स्विचचे कोष्टकही सतत बदलते आणि योग्य फ्रेम चुकीच्या दिशेने जातात.

इंटरनेटवरील संदेशाच्या शीर्षात आयुर्मर्यादेचा एक आकडा असतो. प्रत्येक टप्प्यावर तो एकने कमी होतो व शून्य झाल्यावर तो संदेश टाकून दिला जातो. ईथरनेटच्या फ्रेममध्ये मात्र अशी मर्यादा नाही. ईथरनेट मुळात एका सलग तारेसाठी कल्पिलेले असल्यामुळे तिची गरजच भासली नव्हती.

गणिती व विद्युतीय पूर्वपीठिका : जालातून वलयरहित वृक्ष निवडण्याची कल्पना प्रथम विद्युत् मंडलांच्या अभ्यासात पुढे आली. जर्मन भौतिकीविज्ञ गुस्टाफ किरखोफ यांनी १८४७ मध्ये मंडलातील प्रवाहांची समीकरणे सोडविण्यासाठी तिचा उपयोग केला. ब्रिटिश गणितज्ज्ञ आर्थर केली यांनी १८५७ पासून वृक्षांचा स्वतंत्र अभ्यास केला. प्रत्येक बिंदू दुसऱ्या प्रत्येक बिंदूशी जोडलेला असल्यास त्या जालातून किती वेगवेगळे विस्तारी वृक्ष निवडता येतात, याचे सूत्र त्यांच्या १८८९ च्या निबंधामुळे प्रसिद्ध झाले. चार बिंदूंसाठी ही संख्या १६, पाचांसाठी १२५ आणि दहांसाठी १० कोटी इतकी येते. सर्व वृक्ष तपासून त्यांतील उत्तम निवडणे हा मार्ग व्यवहारात का चालत नाही, हे या आकड्यांवरून स्पष्ट होते.

हा प्रश्न व्यवहारात प्रथम उपस्थित झाला तो गावांना वीज पुरविताना. चेक गणितज्ज्ञ ओटाकार बोरूव्का (१८९९–१९९५) यांच्यापुढे मोरेव्हिया प्रांताच्या विद्युतीकरणाच्या वेळी असा प्रश्न आला : सर्व गावे कमीत कमी लांबीच्या तारांनी कशी जोडावीत? याचे उत्तर त्यांनी १९२६ मध्ये प्रसिद्ध केले. त्यानंतर व्होइत्येक यार्नीक (१९३०), जोसेफ क्रस्कल (१९५६), रॉबर्ट प्रिम (१९५७) व एड्सखर डायक्स्ट्रा (१९५९) यांनी या प्रश्नाच्या व त्याच्या जवळच्या प्रश्नांच्या रीती दिल्या.

विजेच्या जालात वृक्ष व वलय या दोन्ही रचना शेजारीशेजारी आढळतात. बीड जिल्ह्यातील परळी वैजनाथ येथील औष्णिक विद्युत् केंद्र १९७१ मध्ये ३० मेगावॉट क्षमतेच्या संचाने सुरू झाले व पुढे २१० आणि २५० मेगावॉटचे संच तेथे उभारण्यात आले. अशा केंद्रातून निघणाऱ्या उच्च दाबाच्या पारेषण वाहिन्या हेतुतः जाळीच्या स्वरूपात जोडलेल्या असतात. २०१३ व २०१५ मध्ये पाणीटंचाईमुळे परळी येथील निर्मिती थांबवावी लागली. असे प्रसंग आले तरी या जाळीमुळे इतर केंद्रांची वीज त्या भागात आणता येते. याउलट उपकेंद्रापासून गावापर्यंतची ११ किलोव्होल्टची वितरण वाहिनी सामान्यतः वृक्षासारखी चालविली जाते. दोन वाहिन्यांची टोके जोडणारा स्विच असला तरी तो एरवी उघडा ठेवतात व बिघाडाच्या वेळीच बंद करतात. त्यामुळे दोष कोठे आहे हे शोधणे व तेवढाच भाग तोडणे सुलभ होते. तारांनी वलय बांधावे, पण ते उघडे ठेवून चालवावे, हेच तत्त्व संगणक जालात स्विच स्वतः अमलात आणतात. फरक इतकाच, की वाहिनीवरील स्विच सामान्यतः कर्मचारी किंवा नियंत्रण कक्ष हलवितो, तर संगणक जालात हा निर्णय देणारी मध्यवर्ती व्यक्ती वा यंत्रणा नसते.

ईथरनेट व पवईचा संबंध : अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकॅफ (१९४६– ) यांनी १९७३ मध्ये ईथरनेटची कल्पना मांडली आणि १९७६ मध्ये डेव्हिड बॉग्ज यांच्यासह तिचे वर्णन प्रसिद्ध केले. या वर्णनातच तारेची रचना मूळरहित वृक्षासारखी असावी व कोणत्याही दोन स्थानकांत एकच मार्ग असावा, अशी अट होती. अर्थात वलय होऊ न देण्याची जबाबदारी तार टाकणाऱ्या माणसावर होती.

मुंबईच्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेतून १९७२ मध्ये विद्युत् अभियांत्रिकीची पदवी घेतलेले योगेन दलाल पुढील शिक्षणासाठी स्टॅनफर्ड विद्यापीठात गेले. तेथे व्हिंटन सर्फ व कार्ल सनशाइन यांच्यासह त्यांनी डिसेंबर १९७४ मध्ये इंटरनेटच्या प्रेषण नियंत्रण संकेतविधीचा पहिला तपशीलवार आराखडा लिहिला. १९७७ मध्ये पूर्ण झालेला त्यांचा प्रबंध जालातील सर्वांना एकच संदेश कसा पोहोचवावा या विषयावर होता. प्रत्येक केंद्राला केवळ आपल्या शेजाऱ्यांची माहिती असताना सर्वांनी मिळून विस्तारी वृक्ष कसा रचावा, याचा विचार त्यात आहे. १९७८ मध्ये मेटकॅफ यांच्यासह त्यांनी आणखी एक उपाय प्रसिद्ध केला : प्रेषकाकडे जाण्याचा आपला सर्वांत जवळचा मार्ग ज्या दिशेस आहे, त्याच दिशेकडून आलेली प्रत केंद्राने स्वीकारावी व इतर प्रती टाकून द्याव्यात. या उपायाने वलय असूनही प्रती वाढत नाहीत.

झेरॉक्समध्ये काम करीत असताना दलाल व रॉबर्ट प्रिंटिस यांनी १९८१ मध्ये प्रत्येक उपकरणास जगात एकमेव असा ४८ द्विमान अंकांचा पत्ता देण्याची योजना मांडली. कारखान्यातच उपकरणात नोंदविला जाणारा हा पत्ता वरकरणी केवळ ओळखक्रमांक वाटतो. परंतु कोणतीही दोन उपकरणे समान नाहीत, त्यांच्यात लहानमोठा असा क्रम लावता येतो, ही हमी त्याने दिली. मध्यस्थाविना निवडणूक घ्यावयाची असेल, तर अशी हमी अत्यावश्यक असते. पुढील विकास या पायावर झाला.

सेतू व पर्लमन यांची रीत : जाड समाक्ष तारेच्या ईथरनेटमध्ये एका तुकड्याची कमाल लांबी ५०० मी. व त्यावरील स्थानकांची कमाल संख्या १०० होती. यापेक्षा मोठी जाले जोडण्यासाठी अमेरिकेच्या डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीतील मार्क केम्फ यांनी पत्ते शिकणारा सेतू तयार केला. दोन तारांमध्ये बसविलेला हा सेतू वर सांगितल्याप्रमाणे पत्त्यांची नोंद ठेवी आणि आवश्यक तेवढ्याच फ्रेम पलीकडे सोडी. आजचा स्विच म्हणजे अनेक पोर्टचा व अतिशय जलद असा सेतूच होय. मात्र दोन तारांमध्ये चुकून दोन सेतू बसविले, तर वलय तयार होऊन सर्व जाल ठप्प होई.

याच कंपनीत काम करणाऱ्या पर्लमन यांच्याकडे त्यांचे वरिष्ठ टोनी लॉक यांनी हा प्रश्न सोपविला. सेतूंनी कोणाच्याही मदतीशिवाय वलये शोधून तोडावीत आणि जाल कितीही मोठे झाले तरी त्यासाठी प्रत्येक सेतूस लागणारी स्मृती वाढू नये, अशी अपेक्षा होती. पर्लमन यांनी थोड्याच दिवसांत रीत तयार केली. सप्टेंबर १९८५ मध्ये माहिती संदेशवहनावरील नवव्या परिसंवादात तिच्यावरील निबंध सादर झाला. रीतीचे सार सांगणारी एक छोटी कविताही त्यांनी निबंधास जोडली होती.

कार्यपद्धती : या रीतीचे तीन भाग पडतात. पहिला भाग मूळ स्विचच्या निवडीचा. प्रत्येक स्विचचा ओळखक्रमांक दोन घटकांचा असतो : व्यवस्थापकाने दिलेला अग्रक्रम (तो दिला नसल्यास ३२७६८) आणि त्यानंतर ४८ अंकी पत्ता. ज्याचा ओळखक्रमांक सर्वांत लहान तो मूळ स्विच. आरंभी प्रत्येक स्विच स्वतःलाच मूळ समजून तसे शेजाऱ्यांना कळवितो. अधिक लहान क्रमांक ऐकू येताच तो आपला दावा सोडतो व ऐकलेलाच क्रमांक पुढे सांगू लागतो. थोड्याच वेळात सर्वत्र एकच नाव उरते.

दुसरा भाग मार्गनिवडीचा. प्रत्येक दुव्यास त्याच्या वेगानुसार खर्च ठरवून दिलेला असतो. १९९८ च्या मानकात सेकंदास १० मेगाबिट वेगाच्या दुव्याचा खर्च १००, १०० मेगाबिटच्या दुव्याचा १९, १ गिगाबिटचा ४ व १० गिगाबिटचा २ असा सुचविला होता. प्रत्येक स्विच मुळापर्यंतचा एकूण खर्च मोजतो व ज्या पोर्टमधून तो सर्वांत कमी येतो त्यास आपले मूळ पोर्ट ठरवितो. खर्च समान असल्यास लहान ओळखक्रमांकाच्या शेजाऱ्याकडून जाणारा मार्ग व तेही समान असल्यास लहान क्रमांकाचे पोर्ट निवडले जाते. तिसऱ्या भागात प्रत्येक दुव्यावर मुळाकडील बाजूचे एक पोर्ट नियुक्त पोर्ट ठरते. जे पोर्ट मूळ पोर्टही नाही व नियुक्तही नाही ते अडविले जाते. अडविलेले पोर्ट माहितीच्या फ्रेम सोडत नाही. परंतु नियंत्रणाचे संदेश ऐकत राहते.

एका कल्पित जालाचे उदाहरण घेऊ. बीड, माजलगाव, परळी व अंबाजोगाई येथे प्रत्येकी एक स्विच असून बीड हा मूळ आहे. बीड–माजलगाव, माजलगाव–परळी व परळी–अंबाजोगाई हे दुवे १ गिगाबिटचे, तर बीड–अंबाजोगाई हा थेट दुवा १०० मेगाबिटचा आहे. अंबाजोगाईहून थेट मार्गाचा खर्च १९ येतो; परळी व माजलगाव यांमार्गे तो ४ + ४ + ४ = १२ येतो. म्हणून अंबाजोगाईचा स्विच तीन टप्प्यांचा लांबचा मार्ग पत्करतो आणि थेट दुव्याकडील आपले पोर्ट अडवितो. माजलगाव–परळी दुवा तुटल्यास अंबाजोगाईचे अडविलेले पोर्ट उघडते, तेथून खर्च १९ होतो आणि परळीचा स्विच अंबाजोगाईमार्गे एकूण २३ खर्चाने मुळाशी जोडला जातो. या सर्व घडामोडींत एकाही स्विचला जालाचा पूर्ण नकाशा ठाऊक नसतो. प्रत्येक पोर्टवर ऐकलेली सर्वोत्तम वार्ता तेवढी त्याला स्मरणात ठेवावी लागते.

येथे एक भेद लक्षात घ्यावयास हवा. बोरूव्का यांच्या वृक्षात सर्व दुव्यांच्या लांबीची बेरीज किमान असते. पर्लमन यांच्या वृक्षात प्रत्येक स्विचचे मुळापासूनचे अंतर किमान असते. हे दोन वृक्ष एकच असतील असे नाही. पहिल्यात तारेची बचत होते, तर दुसरा केवळ शेजाऱ्यांशी बोलून आणि फार थोड्या नोंदी ठेवून रचता येतो.

मूळ स्विच दर २ सेकंदांनी संदेश पाठवितो. २० सेकंदांपर्यंत नवा संदेश न आल्यास जुनी माहिती कालबाह्य ठरते. अडविलेले पोर्ट एकदम उघडल्यास जुन्या व नव्या मार्गांचे मिळून क्षणभर वलय होण्याचा धोका असतो. म्हणून ते १५ सेकंद केवळ ऐकते, पुढील १५ सेकंद पत्ते शिकते व त्यानंतर फ्रेम सोडू लागते. यामुळे बिघाडानंतर जाल पूर्ववत होण्यास ३० ते ५० सेकंद लागत. वलय होण्यापेक्षा काही काळ संपर्क नसलेला बरा, असा हा निर्णय होता.

मानके व सुधारणा : विद्युत् व इलेक्ट्रॉनिकी अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९९० मध्ये थोड्या फेरफारांसह ही रीत ८०२.१ डी या मानकात समाविष्ट केली. त्याच वर्षी अमेरिकेतील ‘कल्पना’ या भारतीय नावाच्या कंपनीने ईथरनेटचा पहिला व्यापारी स्विच बाजारात आणला. विनोद भारद्वाज हे या कंपनीच्या संस्थापकांपैकी एक होत. तारांच्या गती वाढल्या तशी ५० सेकंदांची प्रतीक्षा असह्य होऊ लागली. २००१ मध्ये संमत झालेल्या शीघ्र विस्तारी वृक्ष पद्धतीत पर्यायी पोर्ट आधीच ठरवून ठेवले जाते आणि शेजारी स्विच घड्याळाकडे न पाहता प्रस्ताव व संमती यांच्या देवघेवीने मार्ग उघडतात. त्यामुळे अनेकदा एका सेकंदाच्या आत जाल सावरते. २००२ च्या मानकाने एकाच तारांच्या जालावर आभासी जालांच्या गटांसाठी वेगवेगळे वृक्ष रचण्याची सोय केली. एका वृक्षात अडलेला दुवा दुसऱ्यात वापरात येत असल्याने राखीव तारा निव्वळ पडून राहत नाहीत. २००४ च्या सुधारित मानकात मूळ पद्धतीची जागा शीघ्र पद्धतीने घेतली.

उणिवा व धोके : या पद्धतीचा सर्वांत गंभीर दोष तिच्या गृहीतकात आहे. अडविलेल्या पोर्टवर संदेश येणे थांबले, तर पुढील मार्ग तुटला असे समजून ते उघडते. पण शेजारी स्विचवर कामाचा अतिरिक्त भार पडल्याने किंवा प्रकाशीय तंतूची एकच दिशा बिघडल्यानेही संदेश थांबू शकतात. अशा वेळी मौनाचा अर्थ अनुमती असा घेतला जातो, पोर्ट उघडते, वलय तयार होते आणि वादळामुळे उरलेले संदेशही पोहोचेनासे होतात. एका ठिकाणचा दोष अशा रीतीने सर्वत्र पसरतो.

याचे गाजलेले उदाहरण नोव्हेंबर २००२ मध्ये अमेरिकेतील बॉस्टन येथील बेथ इझ्रेएल डीकनेस वैद्यकीय केंद्रात घडले. रुग्णालयाचे जाल वर्षानुवर्षे जोडण्या करीत वाढले होते आणि मानकाच्या वेळमर्यादा ज्या सात टप्प्यांच्या व्याप्तीसाठी आखलेल्या आहेत ती त्याने ओलांडली होती. माहितीचा मोठा ओघ आल्यावर वृक्ष स्थिर राहीना. सु. चार दिवस रुग्णालयास तपासण्यांचे अहवाल, औषधांच्या सूचना व नोंदी यांसाठी कागदाचा आधार घ्यावा लागला. रुग्णालयाच्या माहिती विभागाचे प्रमुख जॉन हालाम्का यांनी हा अनुभव उघडपणे मांडला. त्यामुळे तो इतर संस्थांना मार्गदर्शक ठरला.

चुकीच्या अवस्थेतून जाल बाह्य मदतीशिवाय योग्य अवस्थेत परतले पाहिजे, या गुणास स्वयंस्थिरता म्हणतात. डायक्स्ट्रा यांनी ही संकल्पना १९७४ मध्ये मांडली. २७ ऑक्टोबर १९८० रोजी काही बिघडलेल्या संदेशांमुळे आर्पानेट हे जाल बंद पडले, तेव्हा तिचे महत्त्व प्रत्ययास आले आणि पर्लमन यांनी १९८३ मध्ये तशा प्रसंगावरील उपाय सुचविला. या विषयाचा पद्धतशीर अभ्यास करणाऱ्यांत जॉर्ज वर्गीस हे प्रमुख होत. पवईच्या संस्थेतून १९८१ मध्ये पदवी घेतलेल्या वर्गीस यांनी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये सेतूंच्या व इतर जालांच्या रचनेवर काम केले. १९९३ मधील त्यांचा प्रबंध, प्रत्येक केंद्राने केवळ स्थानिक तपासणी व दुरुस्ती करून सर्व जाल कसे स्थिर करावे, या विषयावर आहे.

या पद्धतीच्या आणखी दोन मर्यादा आहेत. अडविलेल्या दुव्याच्या दोन टोकांवरील संगणकांनाही मुळाच्या दिशेने फेरा घालावा लागतो. वरील उदाहरणात बीड व अंबाजोगाई यांच्यातील थेट तार एरवी निरुपयोगी असते. तसेच अग्रक्रम ठरवून दिला नाही, तर केवळ पत्ता लहान म्हणून एखादा जुना व मंद स्विच मुळाच्या स्थानी येऊ शकतो. म्हणून मूळ स्विच कोणता असावा, हे जाल उभारणाऱ्यानेच आधी ठरविणे आवश्यक मानतात.

महाराष्ट्रातील जालरचना : जिल्हा पातळीवरील शासकीय जालांच्या इतिहासात तारा, वृक्ष व वलय या तिन्ही रचना क्रमाने दिसतात. १९७६ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राने १९८० नंतरच्या दशकात जिल्हा मुख्यालये उपग्रहाद्वारे दिल्लीतील मुख्य केंद्राशी जोडण्यास आरंभ केला. ही रचना ताऱ्याच्या आकाराची होती. तीत वलयाचा प्रश्नच नव्हता, मात्र मध्यवर्ती केंद्रावर सर्व भिस्त होती. २००५ मध्ये संमत झालेल्या राज्यव्यापी जालांच्या योजनेत राज्य मुख्यालय, जिल्हा व तालुका अशी त्रिस्तरीय रचना स्वीकारण्यात आली. ११ तालुक्यांच्या बीड जिल्ह्याचा विचार केल्यास, अशा रचनेत राज्य मुख्यालय व बीड यांमधील एकमेव दुवा तुटला की सर्व तालुके एकदम तुटतात. वृक्षात राखीव फांदी नसते. म्हणून अशा ठिकाणी दुसरा दुवा घेणे भाग पडते व दुसरा दुवा घेतला की वलयाचा विचार करावा लागतो.

ग्रामपंचायतींना प्रकाशीय तंतूने जोडण्याची योजना केंद्र शासनाने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर केली. २०१५ पासून ती भारतनेट या नावाने ओळखली जाते. पहिल्या टप्प्यात तालुक्यापासून ग्रामपंचायतीपर्यंत फांद्यांसारखी रचना होती. रस्त्याच्या कामात एक ठिकाणी तंतू तुटला की त्यापुढील गावे संपर्काबाहेर जातात, हा अशा रचनेचा अंगभूत दोष आहे. दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्रासह काही राज्यांनी कामाची जबाबदारी स्वतःकडे घेतली. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित योजनेत वलयाकार रचनेचा स्वीकार करण्यात आला. एवढ्या विस्तृत जालांत वलयनिवारणाचे काम बहुधा विस्तारी वृक्षाऐवजी मार्गनिर्देशक यंत्रांवर सोपवितात. निव्वळ वलयाकार ईथरनेटसाठी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २००८ मध्ये वेगळे मानक दिले. त्यात वलयातील एक ठरावीक दुवा अडवून ठेवतात व अन्यत्र बिघाड होताच तो ५० मिलिसेकंदांच्या आत उघडणे अपेक्षित असते. साधन बदलले तरी वलय बांधून ते उघडे ठेवण्याचे तत्त्व तेच आहे.

उत्तरकाल : एकविसाव्या शतकात मोठ्या माहिती केंद्रांत सर्व दुवे एकाच वेळी वापरण्याची गरज निर्माण झाली. पर्लमन यांनी स्वतःच २००४ मध्ये आपल्या पद्धतीला पर्याय सुचविला; त्यावर आधारित मानक २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. यात फ्रेमला टप्प्यांच्या मर्यादेचा आकडा असलेले वेगळे शीर्ष जोडले जाते, म्हणजे ईथरनेटमधील मूळ उणीव भरून काढली जाते. २०१२ च्या ८०२.१ एक्यू या मानकात लघुतम मार्ग वापरताना फ्रेम योग्य दिशेनेच आली आहे ना, हे तपासले जाते. दलाल व मेटकॅफ यांच्या १९७८ मधील निबंधातील कल्पनेशी याचे जवळचे नाते आहे. अनेक माहिती केंद्रांनी स्विचांच्या पातळीवरील वलये टाळून सर्व मार्गनिवड इंटरनेटच्या संकेतविधीकडे सोपविली आहे.

असे असले तरी कार्यालये, महाविद्यालये, रुग्णालये व कारखाने यांतील स्विचांमध्ये विस्तारी वृक्ष पद्धती आजही वापरात आहे. कोणी अनवधानाने एका तारेची दोन्ही टोके भिंतीवरील दोन जोडण्यांत बसविली, तरी जाल बंद पडू नये यासाठी ती सुरू ठेवणे हितावह समजले जाते. जेथे ती बंद ठेवली जाते, तेथे १९७६ मधील जुनी अट पुन्हा लागू होते आणि वलय होऊ न देण्याची जबाबदारी तार जोडणाऱ्या माणसावर येते. [→ ईथरनेट; विद्युत् वितरण पद्धती].